लेकीच्या एलएलएमसाठी एफडी मोडू का?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातनं एका काकांचा मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. वय 57, किराणा दुकान, सगळा खर्च जाऊन महिन्याला पंधरा-सोळा हजार मागं पडतात. एकुलती एक लेक, 24 वर्षांची, बेळगावात पाच वर्षांचं बीए एलएलबी केलं, सनद घेतली आणि वर्षभर कोर्टात एका सीनियरकडं ज्युनिअर म्हणून जातेय, हातात आठ हजार येतात. आता तिला कॉन्स्टिट्यूशनल लॉ घेऊन एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स डिग्री, करायचीय, जमलं तर पॉलिटिकल सायन्समध्ये एमए पण. पुण्यात एका खासगी युनिव्हर्सिटीत एक वर्षाचं एलएलएम आहे, फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून साडेसहा लाख. काकांची एफडी पण नेमकी साडेसहा लाखाचीच, पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. काका लिहितात, देवानंच आकडा जुळवून आणलाय असं वाटतंय, मोडू का? कमी पडलं तर बायकोचं सोनं पतसंस्थेत ठेवतो.

काका, आकडा जुळला म्हणजे हिशेब जुळला असं नसतंय ओ. दुकानदाराला मी हे काय सांगू, गिऱ्हाईकाच्या खिशात नेमके तेवढेच पैसे आहेत म्हणून तुम्ही मालाचा भाव ठरवत नाही की.

आधी एफडीचं बोलू. तुम्हाला पेन्शन नाही, पीएफ नाही, दुकान हेच सगळं, आणि गुडघे दुखतात म्हणून दुपारी बंद ठेवतो असं तुम्हीच लिहिलंय. ही रक्कम सात टक्क्यानं नुसती पडून राहिली तर साधारण दहा वर्षांत दुप्पट होते, म्हणजे तुम्ही 67 चे व्हाल तेव्हा तेरा लाखाच्या आसपास. लेकीला शिकायला कर्ज मिळतं काका, म्हातारपणाला कुठलीच बँक कर्ज देत नाही. म्हणून एफडीला हात लावायचा नाही, हे माझं मत पक्कं आहे. सोन्याचं तर नावच काढू नका, गोल्ड लोन हे चार-सहा महिन्यांची अडचण भागवायला असतंय, जिची कमाई कधी सुरू होणार माहीत नाही त्या शिक्षणाला नाही.

मग सगळं कर्ज काढायचं का? तेही बघू. साडेसहा लाख, व्याज दहा टक्के धरू. एज्युकेशन लोनमध्ये कोर्सचा काळ आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, त्या दोन वर्षांचंच एक लाख तीस हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर सात लाख ऐंशी हजार, सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला तेरा हजाराच्या जवळपास. आता तिला आठ हजार मिळतात. एलएलएम करून परत त्याच कोर्टात आली तर सीनियर आठाचे अठरा करणार आहे का? नाही करणार. पक्षकार डिग्री बघून येत नाहीत, काम बघून येतात, आणि ते काम तारखेला उभं राहूनच शिकायला मिळतं.

इथं खरा प्रश्न येतो आणि तो तुमच्या मेसेजमध्ये कुठंच नाही. तिला व्हायचंय काय? तुम्ही फक्त एवढंच लिहिलंय की लहानपणापासनं घरात सीमाप्रश्न ऐकत आली, 2004 ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा घातला तेव्हा ती अंगणवाडीत होती आणि दावा अजून तिथंच आहे, तिला राज्याराज्यांतले वाद थेट सुप्रीम कोर्टात नेणारं कलम 131 काय, भाषिक अल्पसंख्याकांचं 350 ब काय, हे मुळातनं शिकायचंय. ऐकून बरं वाटलं, खरंच. इथल्या पोरांनी या विषयावर घोषणा भरपूर दिल्या, कागद वाचणारी कमी. पण आवड वेगळी आणि साडेसहा लाखाचा खर्च वेगळा.

जज व्हायचं असेल तर एलएलएम लागतच नाही. उलट 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं सिव्हिल जजच्या परीक्षेला तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. तिचं एक वर्ष झालंय, दोन बाकी. पुण्यात फुल टाइम गेली तर ते वर्ष प्रॅक्टिसमध्ये धरतील असं गृहीत धरून चालू नका, कारण दाखला किमान दहा वर्षं जुन्या वकिलाचा लागतो आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायाधीशांची सही. शिवाय कर्नाटकात परीक्षा द्यायची तर कन्नड आलंच पाहिजे. ती मराठी मीडियमची आहे म्हणता, मग पहिला खर्च कन्नडच्या चांगल्या शिकवणीचा करा, तो पाच आकड्यातसुद्धा जाणार नाही आणि खालच्या कोर्टात रोज उपयोगी पडेल.

शिकवायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं एलएलएम हवंच. लॉ विषयात यूजीसी नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा द्यायची, वर्षातनं दोनदा असते, आणि त्यातनं जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडी करताना पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि पुढं 42,000. मिळवणं सोपं नाही, पण ती मिळवायला पुण्याच्या महागड्या कॅम्पसचा शिक्का लागत नाही, हे लक्षात घ्या, पेपर सगळ्यांना तोच असतो. आणि वकिलाला सनद ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत लॉ कॉलेजात शिकवताही येतं, बेळगावात राहून दोन्ही करता येईल असा हा रस्ता आहे.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं सांगतो. एलएलएम हुबळीच्या कर्नाटक स्टेट लॉ युनिव्हर्सिटीचं बघितलं असतं. दोन वर्षांचं आहे, एक वर्ष जास्त जातं हे खरं, पण फी खासगीच्या मानानं बरीच कमी आणि खानापूरहून लोंडा-धारवाड करत रेल्वे थेट जाते, धारवाडला हायकोर्टाचं बेंच वाटेतच. सरकारी बसनं गेली तर कर्नाटकाच्या शक्ती योजनेत तिला तिकीटच नाही. पॉलिटिकल सायन्सचं एमए बेळगावजवळ भुतरामनहट्टीला राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीत रेग्युलर करता येतं, पण दोन रेग्युलर कोर्स एकावेळी ओढू नका. 2022 पासनं यूजीसीनं एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स अशा दोन डिग्र्या सोबत करायला परवानगी दिलीय, तर एमए इग्नूतनं करू दे, काही हजारांत होतं.

आणि पुण्यासारखं बाहेरच जायचा हट्ट असेल, तर त्याहून चांगलं म्हणजे नॅशनल लॉ स्कूल, त्यासाठी डिसेंबरातली क्लॅट पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यायला लावा. 120 मार्कांचा पेपर, दोन तास, चुकलं की पाव मार्क जातो. चांगल्या ठिकाणी नंबर लागला तर पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना बघा, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर दहा लाखापर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात तीन टक्के सूट, तारण नाही. फक्त संस्था त्यांच्या यादीत पाहिजे. पुण्याची ती युनिव्हर्सिटी यादीत आहे का हे पोर्टलवर पाच मिनिटांत कळतं, तुम्ही अजून बघितलेलं दिसत नाही. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे तिथल्या महसूल कार्यालयातनं, आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी सर्व्हर डाऊन असतो हे काय मी सांगायला नको.

कर्ज काढायचंच झालं तर चार लाखाच्या वर जाऊ नका. तेवढ्यापर्यंत बँका सहसा मार्जिन, म्हणजे आपल्या खिशातला हिस्सा, मागत नाहीत आणि तारणही. हप्ता आठ हजाराच्या आत बसतो, तिची कमाई लांबली तरी तुमच्या महिन्याच्या शिल्लकीतनं निघेल, दुकान न हलता.

एक सांगायचं राहिलं. पुण्याला टोकन भरायला सांगतायत असं तुम्ही लिहिलंय. माझ्या चुलतभावानं असंच केलं होतं, एका कॉलेजला सीट धरून ठेवायला ॲडव्हान्स भरला, मग दुसरीकडं नंबर लागला आणि पैसे परत मिळवायला आठ महिने चकरा. म्हणून रिफंडचा नियम लेखी हातात आल्याशिवाय एक रुपयाही नको.

पुढच्या मेसेजला लेकीलाच लिहू दे, जज, प्राध्यापक की वकिली, एका ओळीत. तोवर तुम्ही बँकेत जाऊन एफडी रिन्यू करा, आणि नॉमिनी म्हणून अजून तुमच्या वारलेल्या आईचं नाव आहे म्हणता, ते त्याच फेरीत बदलून या.