नायट्रेट शून्य, पाणी नितळ, तरीही प्रवाळ फिकट का पडतात?

आपल्या कोथरूडच्या घरातील 200 लिटरच्या समुद्री मत्स्यालयाच्या टँकमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात, पाणी नितळ आहे, तरीही प्रवाळ फिकट पडत आहेत, त्यांची टोके पांढरी झाली आहेत आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, चिकट थर येतो आहे, असे आपण लिहिले आहे. मला यात अस्वच्छता नव्हे, तर उपासमार दिसते.

प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवतात, पण त्यांना स्वतःला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. समुद्रातील प्रवाळखडकांवरही ही द्रव्ये अत्यल्पच असतात, हे खरे. मात्र तेथे प्लवकांचा अखंड पुरवठा असतो, आपल्या टँकमध्ये तो नसतो. वाळूवरचा थर बहुधा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा असावा. त्याच्याशी स्पर्धा करणारी शैवाले आणि जिवाणू उपाशी पडले की तो फोफावतो.

फॉस्फेट शोषणारे दाणे आजच काढा. माशांना दिवसातून दोनदा गोठवलेले अन्न द्या आणि पाणी बदलणे काही दिवस थांबवा. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील घाण काढणारे यंत्र) रात्री मात्र चालू ठेवा, कारण तेव्हा ऑक्सिजन घटतो. नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत इतके भाग) आसपास आणायचे आहे. एवढ्याने नायट्रेट वाढले नाही, तर शुद्ध सोडियम नायट्रेट वापरता येईल. 200 लिटरमध्ये 1 पीपीएम वाढीसाठी सुमारे 0.27 ग्रॅम पुरते. फॉस्फेट काही दिवस शून्यच दिसेल, कारण कोरडा आणून ठेवलेला खडक ते शोषत राहतो. तेवढ्याने घाबरून मात्रा दुप्पट करू नका. नायट्रोजन आणि फॉस्फरसचे 16:1 हे रेडफील्ड गुणोत्तर अणूंचे आहे, चाचणीतील आकड्यांचे नाही, म्हणून त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

आपल्या पाण्याची क्षारता (खारटपणा नव्हे, अल्कलिनिटी) 11 डीकेएच, म्हणजे तिच्या मापाचे 11 अंश, आहे. उपाशी प्रवाळांना ती झेपत नाही, टोके जळतात. ती रोज अर्ध्या अंशाहून अधिक न उतरवता 8 वर आणा. सिंहगड रस्त्यावरील माझ्या जुन्या टँकमध्ये मी शोषक दाणे एकदम भरपूर घातले होते आणि आठवडाभरात तीन वर्षे वाढवलेली प्रवाळाची एक संपूर्ण वसाहत गमावली. कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे नवे आणण्यापेक्षा हातात आहेत ते जगवणे मला फार मोलाचे वाटते.

फॉस्फेटबद्दल मी इतका आग्रही आहे, त्यामागे पुण्याचा उन्हाळाही आहे. नायट्रेट भरपूर पण फॉस्फेट नाही, अशा पाण्यातील प्रवाळ उष्णता आणि तीव्र प्रकाश यांनी लवकर विरंजित होतात, म्हणजे रंग गमावून पांढरे पडतात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एप्रिलमध्ये दुपारी आपल्या घरांत टँक 29 अंशांच्या वर सहज जातो. चिलर नसेल तर पृष्ठभागावर पंखा लावा, वाफ होऊन उडालेल्या पाण्याची भरपाई आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याने करा आणि गुरुवारी वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा हवा पंप तयार ठेवा. मार्चपूर्वी फॉस्फेट सलग तीन आठवडे 0.05 च्या आसपास टिकले पाहिजे. तोपर्यंत प्रकाश वाढवू नका.