दिरांच्या विमानातून ऑशकॉशला जायचंय? आधी घरातला वजनकाटा काढा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, तुमचे थोरले दीर शिकागोजवळ राहतात आणि मित्राबरोबर भागीदारीत त्यांचं एक चार सीटचं सेसना विमान आहे. जुलैच्या शेवटी ते तुम्हा दोघांना आणि नऊ वर्षांच्या लेकीला विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या एअर शोला स्वतः उडवत नेणार म्हणतात. खारघरला सासूबाईंनी 'त्या खेळण्यातल्या विमानात माझी नात बसणार नाही' असं जाहीर केलंय. जावं का, काय न्यावं, पेट्रोलचे पैसे द्यावेत का, हे तुम्ही विचारलंय.

मी ठाण्याचा, पाचपाखाडीतला. माझा मेहुणा आयोवात डे मॉइनला असतो, आणि हाच प्रवास मी, बायको आणि तेव्हा अकरा वर्षांचा असलेला मुलगा त्याच्या सेसना १७२ मधून करून आलोय. म्हणून जरा लांबड लावतो.

सासूबाईंना उडवून लावू नका. मुंबई-शिकागो विमान आणि दिरांचं विमान यांची सुरक्षितता एका मापाची नाही. अमेरिकेत अशा छोट्या विमानांच्या उड्डाणांत दर लाख तासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. मोठ्या विमान कंपन्यांचा आकडा याच्या जवळपासही येत नाही. त्यातले बरेचसे अपघात यंत्र मोडून होत नाहीत. ढगात शिरणं, इंधन संपवणं, उतरायच्या घाईत वेग घालवणं, असली कारणं निघतात. म्हणजे वैमानिकाने घेतलेले निर्णय. आणि या निर्णयांवर घरच्या माणसांचा केवढा भार पडतो ते मला माझ्याच मूर्खपणातून कळलं. ते पुढे सांगतो.

आधी वजन. चार सीट आहेत म्हणजे चार माणसं, चार बॅगा आणि भरलेली टाकी हे सगळं उचललं जाईल, असा आपला समज असतो. माझाही होता. निघायच्या आदल्या रात्री मेहुण्याने बाथरूममधला काटा दिवाणखान्यात आणून ठेवला आणि म्हणाला, "भाऊजी, चपला-कपड्यांसकट उभे राहा. खरं वजन हवंय, लग्नाच्या बायोडेटातलं नको." मी ८८. तो स्वतः ८२. मुलगा ३६. बायको काट्यावर चढली ती आम्हा सगळ्यांकडे पाठ करून, आणि आकडा फक्त भावाला दिसेल अशा बेताने. त्याने वहीत लिहून वर हात ठेवला. पण बेरीज २७५ झाली म्हटल्यावर वजाबाकी कुणालाही येते. त्यानंतर दोन तास ती माझ्याशी बोलली नाही, जणू काटा मी बनवला होता.

त्याच्या विमानाच्या कागदांप्रमाणे माणसं, सामान आणि इंधन मिळून ३८५ किलो चालत होतं. २७५ गेले, राहिले ११०. आम्ही बांधलेलं सामान भरलं ५८ किलो. मागच्या सामानाच्या कप्प्याची मर्यादाच ५४. मग कापाकापी सुरू झाली. दोन बॅगा गाडीने जाणाऱ्या त्याच्या मित्राबरोबर पाठवल्या आणि ४१ वर आलो. इंधनाला उरले ६९ किलो, म्हणजे साधारण ९६ लिटर. तासाला ३४ लिटर धरले तर पावणेतीन तासांचा जीव. प्रवास अडीच तासांचा, वर दिवसाच्या उड्डाणाला अर्धा तास राखीव इंधन नियमानेच लागतं, आणि ऑशकॉशला गर्दी असली की तासभर बाहेरच घिरट्या घालत बसावं लागू शकतं. गणित बसेना, म्हणून वाटेत एका गावात उतरून टाकी भरायची ठरली. तुमचं अंतर आमच्या निम्म्याहून कमी आहे, तुम्हाला कदाचित थांबावं लागणार नाही. पण दीर काटा काढतील तेव्हा लाजू नका. आणि काटा न काढता 'बसेल सगळं' म्हणाले, तर मात्र मी सासूबाईंच्या बाजूने.

दिरांना आणखी तीन गोष्टी विचारा, चहा पिता पिता. गेल्या नव्वद दिवसांत किती वेळा उड्डाण केलं? प्रवासी घ्यायचे तर या काळात किमान तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली असावीच लागतात. ढगातून, केवळ उपकरणांवर उडण्याचं वेगळं रेटिंग आहे का? आणि ऑशकॉशला स्वतः विमान घेऊन याआधी गेलेत का? पहिल्यांदाच जात असतील तर शेजारच्या सीटवर तिथे जाऊन आलेला दुसरा वैमानिक असलेला बरा. मग तुमच्यातलं एक जण गाडीने जाईल. शिकागोहून तीन-साडेतीन तासांचा तर रस्ता आहे.

हा आग्रह का, ते तिथली रीत ऐकलीत की कळेल. हा मेळावा भरवणाऱ्या संस्थेचं नाव एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी ती मिलवॉकीत काढली, घरी विमानं बांधणाऱ्या हौशी लोकांसाठी. १९७० पासून मेळावा ऑशकॉशला भरतो. आठवडाभरात दहा हजारांच्या आसपास विमानं येतात. २०२३ साली माणसं आली पावणेसात लाखांहून जास्त. त्या आठवड्यात तिथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात गजबजलेला असतो.

एवढी विमानं रेडिओवर एकेकाशी बोलून उतरवणं शक्यच नाही. म्हणून सगळ्यांनी रिपन नावाच्या गावावर यायचं आणि तिथून रेल्वेचे रूळ धरून एकामागे एक फिस्क गावाकडे जायचं. उंची समुद्रसपाटीपासून १८०० फूट, म्हणजे तिथल्या जमिनीपासून हजारेक फूट. वेग ९० नॉट, म्हणजे तासाला १६७ किलोमीटर. दोन विमानांत अंतर अर्धा मैल. कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत लोकलच्या डोक्यावर विमानांची रांग लागली आहे आणि पुढचं विमान ओव्हरटेक करायचं नाही, असं डोळ्यांसमोर आणा. फिस्कला टेकाडावर कंट्रोलर दुर्बिणी घेऊन बसलेले असतात. ते नाव-नंबर विचारत नाहीत. रंग बघून हाक मारतात, "वर पंख असलेलं, निळं-पांढरं, पंख हलवा!" आपण बोलून उत्तर द्यायचं नाही, पंखच हलवायचे.

मेहुण्याने पंख हलवले तेव्हा मुलगा मागे खिदळत होता आणि बायको डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. हेडसेटचा माइक तोंडाशी असल्याने ती आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. मेहुणा म्हणाला, "ताई, मनात म्हण, मला रेडिओ ऐकू दे." धावपट्टीवर मोठमोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. आम्हाला हिरवा ठिपका मिळाला. म्हणजे त्याच ठिपक्यावर टेकायचं, कारण त्याच पट्टीवर दुसरा ठिपका मागच्याला दिलेला असतो. टेकल्यावर लगेच गवतात वळायचं. पुढे झेंडेवाले स्वयंसेवक हातवारे करत जागेपर्यंत नेतात. काचेत जाड मार्करने लिहिलेला 'जीएसी' (जनरल एव्हिएशन कॅम्पिंग) असा कागद लावला की त्यांना समजतं, ही मंडळी विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकणार आहेत.

शेवटच्या पंधरा मिनिटांत विमानात गप्पा बंद. पण लेकीला काम द्या. आमच्या मुलाला 'दुसरी विमानं शोध' हे काम होतं. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगायची, "मामा, दोन वाजता एक पिवळं." दोनदा त्याने मेहुण्याच्या आधी विमान बघितलं. ते तो अजून सांगतो.

आता माझा मूर्खपणा. परतीला शनिवारी सकाळी निघून डे मॉइनला पोचायचं आणि रविवारी संध्याकाळी मुंबईचं विमान पकडायचं, असा बेत मी ठाण्यात बसून आखला होता. मध्ये एक रात्र आहे, पुष्कळ झालं, असं मला वाटलं. शनिवारी मिसिसिपीच्या बाजूला ढग खाली आलेले. मेहुणा सकाळपासून फोनमध्ये डोकं घालून पंखाभोवती येरझारा घालत होता. मी आपला कॉफीचा कप घेऊन म्हणालो, "अरे, वर तर निळं दिसतंय. बघ की जमतंय का, उद्या विमान आहे आमचं." एवढंच. आवाजही चढवला नव्हता.

पण आपल्याकडे जावयाचं वाक्य किती वजनाचं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तो निघाला. चाळीस मिनिटांनी समोरचं आभाळ दुधी झालं, खालची टेकाडं वर आल्यासारखी वाटायला लागली. त्याने एक अक्षर न बोलता विमान पूर्ण फिरवलं आणि मागच्या एका गावातल्या पट्टीवर उतरवलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ, एक सोफा आणि कॉफीचं यंत्र. त्यांनी गाडीची किल्ली हातात ठेवली, जेवून या म्हणाले, येताना थोडं पेट्रोल भरा. अनोळखी वैमानिकांना अशी गाडी देण्याची तिथल्या छोट्या विमानतळांवर पद्धतच आहे. ढग काही हलले नाहीत. शेवटी भाड्याची गाडी मिळवून रात्रभर चालवली. विमान मेहुण्याने तीन दिवसांनी जाऊन आणलं.

गाडीत बायको-मुलगा झोपल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही बोलला नसतात तर मी सकाळी निघालोच नसतो."

तुमच्याकडे नातं उलटं आहे. दीर थोरले, त्यांना कुणी घाई करणार नाही. पण यजमान तेच. भाऊ-भावजय सात समुद्र ओलांडून आलेत, पुतणी डोळे लावून बसलीय. नाही म्हणायला त्यांना जड जाणार. ते तुम्हीच हलकं करा. मुंबईचं परतीचं तिकीट मेळाव्यानंतर किमान तीन दिवसांनी काढा. निघायच्या आदल्या रात्रीच, लेकीसमोर, सांगून टाका की, उद्या हवा चांगली नसेल तर गाडीने जाऊ आणि वाटेत चीझ खाऊ. मुलीला हे आधी कळलेलं असलं की ऐन वेळी रडारड होत नाही, आणि दिरांचं लक्ष आभाळाकडे राहतं.

बाकीचं भराभर. निघणं सकाळी लवकर. उन्हाळ्यात दुपारी शेतांवरची हवा तापून वर उठते आणि छोटं विमान खंबाटकी घाटातल्या एसटीसारखं हादरतं. मागच्या सीटवर जास्त. लेकीला क्षितिजाकडे बघायला सांगा, पुस्तक किंवा मोबाइल अजिबात नाही, तोंडात आलेपाकाची वडी. उलटीची गोळी हवी तर तिच्या डॉक्टरांना इथेच विचारून घ्या. विमानात शौचालय नाही, हे आधी सांगून ठेवा. तिच्या मापाचा हेडसेट दिरांना मागवून ठेवायला सांगा, मोठ्यांचा घसरतो आणि आवाजाने कान किटतात. मैदानावरही लढाऊ विमानं उडताना तो कामाला येतो.

इथून काढलेला प्रवास विमा नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये 'तिकीट काढून विमान कंपनीने प्रवास करणारा' एवढ्यालाच संरक्षण असतं, खाजगी विमान वगळलेलं असतं. आमच्या एजंटाने 'सगळं कव्हर आहे' असं छातीठोक सांगितलं होतं. परत आल्यावर वाचलं तर आम्ही अडीच तासांहून जास्त विम्याशिवाय उडत होतो. खुलासा लेखी घ्या.

पैशांचं म्हणाल तर नियम चक्क तुमच्या संकोचाच्या बाजूने आहे. खाजगी परवान्याच्या वैमानिकाला प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही. इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं असेल तर ते, एवढंच वाटून घेता येतं, आणि त्यात त्याचा स्वतःचा हिस्सा समान वाट्यापेक्षा कमी चालत नाही. चौघं असाल तर निदान पाव खर्च दिरांचाच. सगळं बिल तुम्ही भरायला गेलात तर प्रेमापोटी त्यांना अडचणीत आणाल. जेवायला न्या त्यापेक्षा.

तिथे पोचल्यावर रोज दुपारी मुख्य कसरती होतात, बुधवारी आणि शनिवारी रात्रीही. पण मी सांगेन की घरी बांधलेल्या विमानांच्या रांगांत एक सकाळ घालवा. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं तेव्हा आपल्याला केवढं नवल वाटलं होतं! तिथे तसली माणसं शेकड्यांनी, आपापल्या विमानाशेजारी खुर्ची टाकून बसलेली असतात आणि लेकीने एक प्रश्न विचारला की तासभर उत्तर देतात.

आणि दिरांसाठी चकल्या न्यायच्यात असं तुम्ही शेवटी लिहिलंय. जरूर न्या. पण सगळ्या त्यांच्या घरीच उतरवा. आमच्या हिने भावासाठी नेलेला डबा हौसेने ऑशकॉशला सोबत न्यायला काढला होता, आणि मेहुण्याने तोही काट्यावर ठेवला. एक किलो नऊशे, स्टीलचा असल्यामुळे. चकल्या पिशवीत गेल्या, डबा घरी राहिला.