सात वर्षे हप्ते भरल्यावर आजार लपवल्याचा आक्षेप कंपनीला घेता येतो का?

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ७२) आरोग्य विमा पॉलिसी जून २०१८ पासून खंड न पडता चालू आहे. सुरुवातीची ३ लाखांची विमा रक्कम जून २०२२ मध्ये ५ लाख केली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि बिल ४ लाख २० हजार रुपये आले. केसपेपरवर 'मधुमेह, १० वर्षे' अशी नोंद असल्यामुळे प्रपोजल फॉर्ममध्ये आजार लपवला, असे कळवून कंपनीने क्लेम फेटाळला. फॉर्म एजंटने भरला होता. आता काय करावे?

उत्तर : हा क्लेम संपूर्णपणे फेटाळणे कायद्यात बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की माहिती दडवली किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला क्लेमवर आक्षेप घेता येत नाही. अपवाद केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीचा आहे. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. ती तशीच राहिली असती, तर सात वर्षे नियमित हप्ते भरूनही आपले वडील या संरक्षणाबाहेर राहिले असते. सामान्य कुटुंबासाठी ही सुधारणा किती मोलाची आहे, हे आपल्या प्रकरणावरूनच दिसते.

मात्र एक भेद नीट लक्षात घ्यावा. वाढवलेल्या रकमेसाठी ६० महिने वाढीच्या तारखेपासून मोजले जातात. त्यामुळे मूळ ३ लाखांबाबत आपली बाजू भक्कम आहे, तर उरलेल्या १ लाख २० हजारांसाठी पुराव्यावर लढावे लागेल. तेथे मधुमेहाची माहिती खरोखर केव्हापासून होती, फॉर्ममध्ये नेमका कोणता प्रश्न विचारला होता आणि २०२२ मध्ये वैद्यकीय तपासणी झाली होती का, हे मुद्दे निर्णायक ठरतील. केसपेपरवरील एका ओळीची नोंद, ती कोणी सांगितली हेही ठाऊक नसताना, पुरेसा पुरावा मानण्यास ग्राहक आयोगांनी अनेकदा नकार दिला आहे. एजंटने फॉर्म भरला, एवढाच बचाव मात्र पुरेसा नाही, कारण खाली सही वडिलांची आहे.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. क्लेम फेटाळण्यापूर्वी कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीची मंजुरी बंधनकारक आहे. ती घेतली होती का, हे त्यात आवर्जून विचारावे. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो मान्य नसल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. हा क्रम उलटा करू नये, कारण आयोगात प्रकरण प्रलंबित असताना लोकपाल तक्रार स्वीकारत नाहीत. आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदतही ध्यानात ठेवावी. मध्येच कंपनीने ३ लाख देऊ केले, तर 'पूर्ण व अंतिम' अशा पावतीवर सही करू नये. उरलेल्या रकमेचा हक्क राखून ठेवत असल्याचे लेखी कळवूनच पैसे स्वीकारावेत.

वडिलांचे वय सत्तरीपुढे असल्याने त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्डही (सरकारच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचे ज्येष्ठांसाठीचे कार्ड) काढून घ्यावे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि खाजगी पॉलिसी असली तरी ते मिळते. झालेल्या बिलाची भरपाई त्यातून होणार नाही, परंतु पुढील उपचार योजनेतील रुग्णालयात घेतल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंतचा आधार राहील.