परदेशातल्या शिक्षणाचे शेवटचे पाच आठवडे कसे घालवावेत?

तुम्ही लिहिलंय की नेदरलँड्समधलं तुमचं एम.एस्सी. संपायला पाच आठवडे उरलेत. थिसिसचं सादरीकरण बाकी आहे, खोली रिकामी करायची आहे, मित्र म्हणताहेत पॅरिस-प्राग उरकून घे, आणि घरी अमळनेरला कानबाईच्या रोटांना, म्हणजे आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, पोचायचंय. एवढ्यात वेळ नेमका कशाला द्यायचा, हा तुमचा प्रश्न.

मी रावेर तालुक्यातला. नेदरलँड्समधल्याच वाखेनिंगेनला शिकलो, आता घरची केळीची बाग बघतो. माझ्या अनुभवावरून सांगतो: हा वेळ लोकांना प्रश्न विचारण्यात घालवा. तिथे अजून तुम्ही विद्यार्थी आहात. प्रयोगशाळेतला, हरितगृहातला, ग्रंथालयातला माणूस तुमच्यासाठी हातातलं काम बाजूला ठेवतो. गावात उतरलात की तुम्ही ‘शिकून आलेले’. दुसऱ्या दिवसापासून लोक तुम्हाला विचारायला लागतात, आणि तुम्ही विचारावं असं जवळपास कुणी नसतं.

हे मला आबांमुळे कळलं. माझा थिसिस केळीच्या मर रोगावर होता, टी.आर.४ म्हणतात त्या बुरशीवर. कुंडीतल्या रोपांना लागण करायची, काही आठवड्यांनी कंद कापायचा आणि आत किती तपकिरी पडलंय ते नोंदवायचं, असं काम. निघायला महिना राहिला असताना फोनवर आबांना सगळं सांगायला बसलो. दर दोन वाक्यांनी इंग्रजी शब्द येत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते माती ट्रॅक्टरच्या चाकाले लागून आपल्या वावरात आली तं? धुतल्यानं जाईन का?”

मला सांगता आलं नाही. आकडे पाठ होते, आलेख तयार होते, आणि शेतकऱ्याच्या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री थिसिस मराठीत लिहायला घेतला, दोनच पानं, आबांना वाचून दाखवता येतील अशी. जिथे अडलो तिथे समासात खूण केली. सतरा खुणा झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या सतरा प्रश्नांची वही घेऊन फिरलो.

काही उत्तरं मार्गदर्शकांनी दिली. ही बुरशी जाड कवचाचे बीजाणू करून मातीत कित्येक वर्षं, दशकंसुद्धा पडून राहते. एकदा वावरात शिरली की मारून काढेल असं औषध नाही. म्हणून सगळी लढाई ती आत येऊ न देण्याची. पण चाकाचं उत्तर हरितगृह सांभाळणाऱ्या गृहस्थांनी दिलं: आधी ब्रशनं आणि पाण्यानं सगळा चिखल काढा, मग निर्जंतुक करणारं द्रावण लावा. चिखलावरच द्रावण ओतलं तर त्याचा जोर मातीतच संपतो. मी तिथे रोज बूट बदलत होतो, हात धूत होतो; त्या क्रमामागचं कारण मात्र कधी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे याला किती मोल आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. रावेर-यावल पट्ट्यात बहुतेक बागा ग्रँड नैनच्या, म्हणजे कॅव्हेंडिश गटातल्या, आणि टी.आर.४ नेमका त्याच गटाला खातो. बिहारमध्ये कटिहारकडे तो सापडलेला आहे. लॅटिन अमेरिकेतल्या ग्रो मिशेल जातीच्या बागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच बुरशीच्या जुन्या प्रकारानं संपवल्या, तेव्हा कॅव्हेंडिश आली. आता आमच्या बांधावर बाहेरच्यांसाठी गमबूट ठेवलेले असतात, आणि दुसऱ्याच्या बागेतले मुनवे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं, आम्ही लावायला आणत नाही. हे दोन्ही त्या वहीतून आलंय.

तुमचा विषय कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाण्याचा असो, यंत्रांचा असो, अर्थशास्त्राचा असो, दोन पानं घरच्या भाषेत लिहून बघा. अहिराणीत जमलं तर आणखी चांगलं, कारण तिथे पुस्तकी शब्दामागे लपायला जागा नसते. सादरीकरणालाही त्याचा उपयोग होतो. परीक्षकांचे प्रश्न मला त्यानंतर सोपे गेले.

कागदपत्रांचं थोडक्यात. महापालिकेतून नाव काढायची नोंद निघण्याआधीच्या पाच दिवसांत करायची असते, त्याआधी करता येत नाही. डिप्लोमा तिथे एकदाच मिळतो, हरवला तर दुसरा छापून देत नाहीत, म्हणून तो हातातल्या बॅगेत. भारतात अपोस्टील, म्हणजे परदेशी कागद खरा असल्याचा शिक्का, लागणार असेल तर आधी डुओ या तिथल्या सरकारी शिक्षण संस्थेकडून डिप्लोमा प्रमाणित करून घ्यायचा आणि मग तिथल्या न्यायालयात जायचं. इथून हे करणं त्रासाचं आहे. विद्यापीठाचं ईमेल खातं पुढे बंद होतं, तेव्हा माहितीचे तक्ते, फोटो, महत्त्वाचा पत्रव्यवहार आधीच उतरवून घ्या. आणि नोकरीसाठी थांबू की नको या काळजीत हे आठवडे घालवू नका. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत एक वर्षाचा नोकरी शोधण्याचा परवाना मागता येतो, भारतातूनही.

सामानाबद्दल एकच गोष्ट कळकळीनं सांगतो. ट्युलिपचे कंद, बियाणं, मातीसकट रोप, काहीही बॅगेत टाकू नका. २००३च्या प्लांट क्वारंटाईन आदेशानुसार अशा गोष्टींना आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम योग्य आहे. शेतात फिरलेले बूट असतील तर तळ घासून धुऊन, वाळवून भरा, किंवा तिथेच सोडून या.

प्रवास करावासा वाटत असेल तर जरूर करा, दोन-तीन दिवस. पण पॅरिस पुढेही बघता येईल. ऱ्हाईनच्या काठानं रात्री साडेनऊच्या उजेडात सायकल चालवणं, मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात कुणी इथिओपियाचं, कुणी चीनचं रांधत असताना आपण काळ्या मसाल्याची शेवभाजी करणं, हे परत जमून येत नाही. मी शेवटच्या शनिवारी केली होती. जळगावची शेव संपली होती, बाजारातली वापरली, रस्सा मात्र घरच्यासारखा झाला.

त्या हरितगृहवाल्या गृहस्थांना मी निरोप नीट दिला नाही. शेवटच्या दिवशी चावी परत करायला गेलो तेव्हा ते सुट्टीवर होते, आणि मी आधी विचारून ठेवलं नव्हतं. पुढे त्यांना आमच्या बांधावरच्या गमबुटांचा फोटो पाठवला. पण समोर उभं राहून सांगायचं होतं ते राहिलंच. तुम्ही कोण कधी सुट्टीवर जाणार ते याच आठवड्यात विचारून घ्या, जुलै-ऑगस्टमध्ये तिथे अर्धा विभाग रिकामा असतो.

आणि कानबाईला पोचाच. नागपंचमीनंतरचा रविवार बघून तिकीट काढा, एक-दोन दिवस हाताशी ठेवून. रोटांना सगळं भाऊबंद एकत्र असतं, ती दोन पानं त्यांनाच पहिल्यांदा वाचून दाखवा.