‘मोनिन’ म्हणजे कण्हणं? आणि त्यातला ‘ग’ कुठे गेला?

प्रश्न असा आहे: ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि त्याचा संच जॅझ मेसेंजर्स यांची ‘मोनिन’ ही जॅझ रचना विचारणाऱ्याला अतिशय आवडते. कोशात ‘मोन’चा अर्थ कण्हणे, विव्हळणे असा सापडतो. ऐकताना मात्र कोणी कण्हत असल्यासारखं वाटत नाही, पाय आपोआप ठेका धरतो. मग नाव असं का? आणि इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘जी’ खाऊन त्याजागी वर टिंब-शेपटी का?

आधी कबुली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नाव ‘मॉर्निंग’ असेल असं समजून चाललो होतो. पुढे गायक जॉन हेंड्रिक्सने या सुरावटीला शब्द घातले, त्यात त्याने ‘मॉर्निंग’ आणि ‘मोनिन’ यांचंच यमक जुळवलं आहे हे कळलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

आता कण्हण्याकडे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ‘मोन’ ही प्रार्थनेची एक रीत आहे. शब्द बाजूला ठेवून, बरेचदा ओठ मिटूनच, लांबवलेला सूर. त्यामागे एक लोकसमजूतही सांगतात: शब्दांत प्रार्थना केलीत तर सैतानाला कळते, नुसत्या सुरात केलीत तर फक्त देवाला. ‘मोनिन’चा कर्ता पियानोवादक बॉबी टिमन्स अशाच वातावरणात वाढला. त्याचे आजोबा धर्मोपदेशक होते. म्हणजे हा ‘मोन’ आजाऱ्याच्या खाटेवरचा नव्हे.

मराठीत याला जवळचा शब्द मला ‘आळवणे’ वाटतो. कण्हणे अकर्मक आहे, माणूस एकटाच कण्हतो. आळवायला कोणीतरी लागतं. आपण देवाला आळवतो आणि रागही आळवतो. प्रार्थना आणि गाणं अशी दोन्ही टोकं एकाच क्रियापदात सापडणं ही चैन इंग्रजीला नाही. व्युत्पत्तीनेही हा ‘आलाप’चा सख्खा भाऊ. अडचण एकच: ‘आळवणे’ म्हटलं की आपल्या कानात संथ लय येते, आणि ब्लेकीच्या ड्रम्ससमोर संथ बसणं कोणाला जमलंय? तेवढ्यापुरता आपला शब्द तोकडा पडतो, हे मान्य.

आणि आळवणीला उत्तर मिळतं, हीच तर या रचनेची गंमत. सुरुवातीला पियानो एकटा एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. चर्चमधल्या स्तोत्राच्या शेवटचं ‘आमेन’ ज्या स्वरवळणावर गातात, तेच हे वळण. मग भूमिका बदलतात: ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ओळ घेतात, उत्तर मागच्यांकडे जातं. पोवाड्यात शाहिरामागे ‘जी जी’ करत झील धरणारे असतात ना, इथे कधी शाहीर झीलकरी होतो, कधी झीलकरी शाहीर. पाचच माणसं, पण सभा भरल्यासारखी वाटते. एकल वादनातही तेच. वीस वर्षांचा ली मॉर्गन ट्रम्पेटवर तुटक, टोचणारे तुकडे टाकत जातो, आणि त्याचा शेवटचा तुकडा उचलूनच बेनी गॉल्सन सॅक्सोफोन सुरू करतो. मला विचाराल तर त्या रेकॉर्डवरची सर्वांत सुंदर जागा तीच.

गॉल्सन नंतर सांगायचा की टिमन्सकडे आधी नुसती आठ मात्राखंडांची सुरावट होती, मधल्यावेळी गंमत म्हणून वाजवायची. ‘याला मधला भाग जोड आणि पुरी कर’ असा आग्रह गॉल्सनने धरला. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ती मुद्रित झाली. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तेव्हा फक्त वाद्यवृंदाचं नाव होतं. अल्बमला ‘मोनिन’ हे नाव पुढे या पहिल्याच रचनेमुळे चिकटलं.

आता तो ‘ग’. खरं तर तिथे ‘ग’ नव्हताच, तो लिपीचा भास. इंग्रजी उच्चारात शेवटी असतो ‘ङ’, आणि बोलीत त्याचा ‘न’ होतो. एका अनुनासिकाच्या जागी दुसरं. आपल्याकडे हेच ‘ण’च्या बाबतीत घडतं: पाणी–पानी, कोण–कोन. त्यामुळे ‘मोनिंग’ आणि ‘मोनिन’ यांतलं अंतर ‘आळवणे’ आणि ‘आळवणं’ इतकं नाही, ‘आळवणं’ आणि ‘आळवनं’ इतकं आहे. ज्या ‘न’वरून शाळेत हात पुढे करायला लावत, तो मुद्दाम, ताठ मानेने छापायचा. आपल्या ग्रामीण आणि दलित साहित्याने हे केलेलं आहेच.

त्या काळातल्या हार्ड बॉप या जॅझशैलीत ही खूण सर्रास दिसते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पाच जणांच्या संचाने १९५६ साली वाजवलेल्या संगीताच्या चार रेकॉर्डांची नावं कुकिन, रिलॅक्सिन, वर्किन, स्टीमिन. बीबॉप या आधीच्या गुंतागुंतीच्या जॅझशैलीची बुद्धी कायम ठेवून ब्लूज आणि चर्चकडे परत जाणारं हे संगीत, आणि नावंही घरच्या बोलीत. टिमन्स तर पुढे गेला. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या संचात त्याने ‘धिस हिअर’ रचली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावरून ॲडर्लीने श्रोत्यांना सांगितलं की मूळ नाव ‘धिस हिअर’, पण आम्ही ते बोलीप्रमाणे बिघडवलंय. नंतरच्या रचनेला टिमन्सने सरळ ‘डॅट डेअर’ (म्हणजे बोलीतलं ‘दॅट देअर’) असंच नाव दिलं.

तेव्हा भाषांतर करायचंच तर ‘आळवनं’ लिहा. आणि मुद्रितशोधकाने त्याचा ‘ण’ केला, तर मूळ रेकॉर्ड त्याला ऐकवा.