नॉमिनी असताना कोर्टाचा कागद मागतायत? आधी लेखी मागा

वडिलांच्या एफडीवर आई नॉमिनी असूनही बँक कोर्टाचा कागद मागतेय, ही तुमची पोस्ट वाचून डोकंच फिरलं, अगदी हेच आमच्याकडे झालंय. वडील गेले, एफडीवर आई नॉमिनी, पावतीवर तसं छापलेलंय, तरी शाखा म्हणते सक्सेशन सर्टिफिकेट (वारस असल्याचा कोर्टाचा दाखला) आणा. मृत्यूचा दाखला, केवायसी वगैरे तुम्ही दिलंच असणार, त्यात जात नाही.

आमच्या शाखेतल्या साहेबांनी (बँकेचं नाव घेत नाही) सगळं तोंडीच सांगितलं, कारण काय तर "रक्कम मोठी आहे". मग वकील, कोर्ट फी, पेपरात नोटीस, भावंडांच्या सह्या, आणि तोवर आई स्वतःचे पैसे असून औषधांसाठी आमच्याकडे मागतेय, तिला किती अवघड जायचं ते बघवत नव्हतं. आणि आरबीआयने बँकांना 2005 मध्येच सांगून ठेवलंय की नॉमिनी असेल तर सक्सेशन सर्टिफिकेट मागायचं नाही, रक्कम कितीही असो, आणि कागद पूर्ण मिळाले की 15 दिवसांत क्लेम निकाली काढायचा! साहेबांना हे माहीत नसेल यावर माझा तरी विश्वास नाही.

म्हणून क्लेम फॉर्मची पोच घ्या आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे नियम आपोआप गायब होतात. बँकेकडे तक्रार करून 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयचा लोकपाल (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा) गाठा, फुकट आहे, ऑनलाइन होतं. वारसांपैकी कुणी कोर्टातून स्टे आणला असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता एक कटू बोलतो. आई नॉमिनी आहे म्हणजे सगळे पैसे तिचेच झाले असं नाही, ती वारसांच्या वतीने घेते. शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच म्हटलं. (विम्याचा नियम 2015 पासून जरा वेगळा आहे, ते यात धरू नका.) त्यामुळे भावंडांशी आत्ताच बोलून घ्या, पैसे आल्यावर नको.

आणि आईला मृत्युपत्र करायला सांगा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेतच. लोक वडिलांचे मित्र धरतात साक्षीला, मला ते पटत नाही, गरज पडेल तेव्हा तेच हयात नसतात. आईपेक्षा वयाने लहान बघा, आणि ज्याला काही मिळणार आहे तो नको. मी वकील नाही, शेतजमीन वगैरे असेल तर नीट विचारून घ्या.

पैसे आईच्या खात्यात आले की त्यालाही लगेच नॉमिनी लावा, 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत लावता येतात, टक्केवारीसकट.