लिनक्ससाठी कंट्रोलर घेताना खोक्यावरचं वाचू नका, आयडी बघा

भावा, तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. जुना लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, साताऱ्यातल्या दुकानातून घेतलेला डोंगलवाला (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) वायरलेस गेम कंट्रोलर, दिवे लागतात, चार्ज होतो, पण गेममध्ये एकतर दिसतच नाही नाहीतर बटणं उलटीसुलटी चालतात, आणि दुकानदार म्हणतोय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाका म्हणून. सांगलीत माझं अगदी हेच झालं होतं. म्हणून आधी सगळ्यात महत्त्वाचं: सर्व्हिस सेंटरला देऊ नकोस. बदलून घ्यायची मुदत संपली नसेल तर खाली लिहिलेली तपासणी आज रात्री कर आणि उद्या दुकान उघडायच्या वेळेला जाऊन उभा राहा.

मी काही प्रोग्रामर नाही, हे आधीच सांगतो. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाचं काम करतो, घरी बरीच वर्षं लिनक्स वापरतोय, पोरगा आणि मी संध्याकाळी गेम खेळतो. जे सांगतोय ते वापरून आणि वाचून कळलेलं आहे, तुझ्या मॉडेलला जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

माझ्या कंट्रोलरच्या खोक्यावर 'पीसी, अँड्रॉइड, पीएस३' असं लिहिलेलं होतं. सात दिवसांत बदलून मिळेल अशी पावती होती. दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेलो, तर दुकानदाराने सर्व्हिस सेंटरला फोन लावून दिला. तिकडचा माणूस गोड बोलला. म्हणाला, बदलू नका सर, नवीन पीस पण असाच निघेल, आमच्याकडे पाठवा, फर्मवेअर अपडेट मारून देतो. मी पाठवला. मग सुरू झालं. आज टेक्निशियन नाही, उद्या वरच्या ऑफिसला विचारतो, परवा पार्ट यायचाय. फर्मवेअर म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, त्याला कसला आलाय पार्ट? आणि या सगळ्यात ते सात दिवस कधीच निघून गेले. शेवटी कंट्रोलर परत आला तेव्हा त्याला रबरबँडने एक पिवळी चिठ्ठी बांधलेली, त्यावर शिक्का: 'टेस्टेड ओके, नो फॉल्ट फाउंड'. खाली पेनाने लिहिलेलं, 'कस्टमरने विंडोज टाकावे'. म्हणजे त्यांनी तो विंडोजच्या मशीनला लावला, चालला, पाकीट बंद केलं. मी तक्रारीत पहिल्याच ओळीत लिनक्स लिहिलं होतं. ते कुणी वाचलं पण नाही. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला मुदत संपली, आणि आता कंपनीनेच ओके दिलाय, मी काय करू. त्याचंही बरोबरच होतं. ते पैसे गेले ते गेलेच, वर दुसरा कंट्रोलर घ्यावा लागला. मला राग पैशाचा नाही तेवढा, राग याचा आहे की 'आमचा माल लिनक्सवर तपासलेला नाही, तुम्ही बदलून घ्या' हे एक वाक्य त्या माणसाने पहिल्याच फोनवर बोलायला हवं होतं. त्याने मुदत खाल्ली माझी.

आता मुळात होतं काय ते सांगतो, कारण हे कळलं की निवडणं सोपं जातं. यूएसबीला काहीही लावलं की ते आपली ओळख, म्हणजे आयडी, सांगतं, चार अक्षरी कंपनीचा नंबर आणि चार अक्षरी वस्तूचा नंबर. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, एक्सपॅड (xpad) नावाचा ड्रायव्हर, म्हणजे वस्तू चालवणारा प्रोग्राम, आधीपासूनच असतो, तो एक्सबॉक्स ३६० पद्धतीच्या कंट्रोलरना उचलतो. ज्यांची ओळख ०४५ई:०२८ई अशी येते, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ३६० कंट्रोलर, ते लावले की चालू. स्वस्तातले बरेच कंट्रोलर आतून एकाच धाटणीचे असतात, वर नाव वेगवेगळं. त्यांच्यात दोन-तीन मोड भरलेले असतात आणि समोर विंडोज आहे की अजून काही, याचा अंदाज बांधून ते आपली ओळख बदलतात. विंडोज नवीन वस्तूला एक ठरावीक प्रश्न विचारतं, लिनक्स तो विचारत नाही, मग कंट्रोलर समजतो की आपण फोनला किंवा प्लेस्टेशनला लागलोय आणि भलत्याच मोडमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर ओके आणि तुझ्या घरी बंद, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

तपासायचं असं. टर्मिनल उघड, डोंगल न लावता एलएसयूएसबी (lsusb) कमांड मार, ती यूएसबीला लावलेल्या वस्तूंची यादी दाखवते, मग डोंगल लावून परत मार. जी नवीन ओळ आली ती तुझ्या कंट्रोलरची. माझ्याकडे २५६३ ने सुरू होणारा नंबर आला होता, तो शानवान नावाच्या चिनी कंपनीचा, आपल्याकडच्या कितीतरी ब्रँडच्या आत हेच असतं. ००७९ आलं तर ड्रॅगनराइज, ते साधे जुन्या पद्धतीचे गेमपॅड. आता कंट्रोलर चालू असताना मधलं होम किंवा मोडचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धर. दिव्यांची रचना बदलली की सोड आणि परत एलएसयूएसबी मार. माझ्याकडे ओळ बदलून ०४५ई:०२८ई झाली आणि त्या क्षणी जेएसटेस्ट-जीटीके (jstest-gtk, बटणं तपासायचा प्रोग्राम) मध्ये दोन्ही स्टिक, ट्रिगर, सगळं हलायला लागलं. एवढीच गोष्ट होती! एका बटणाची. सर्व्हिस सेंटरवाल्यांना स्वतःच्या मालाचं हे माहीत नसावं याचं मला अजून वाईट वाटतं. पण थांब, यावर खूश होऊन ठेवून घेऊ नकोस. माझा लॅपटॉप झोपून उठला किंवा डोंगल काढून लावला की परत जुन्या मोडमध्ये. लहान पोराला दरवेळी ते करायला लावणं म्हणजे डोक्याला ताप. तुझा जर मोड धरून ठेवत असेल तर ठेव, नसेल तर बदल.

दुकानात जाताना लॅपटॉप घेऊन जा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. तिथेच लावून एलएसयूएसबी बघ, जेएसटेस्टमध्ये सगळी बटणं दाबून बघ, लॅपटॉप एकदा स्लीप करून उठवून परत बघ. पाच मिनिटांचं काम आहे. आणि केबलने तपासत असशील तर केबल स्वतःची ने, नुसती चार्जिंगची केबल असेल तर काहीच दिसत नाही आणि उगाच कंट्रोलरवर आळ येतो.

बदलून काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे, पटलं तर घे. पहिलाच कंट्रोलर असेल आणि लॅपटॉप जुना असेल तर वायरवाला घे. लॉजिटेकचा एफ३१० अजून मिळतो, त्याला मागे एक्स आणि डी असा चक्क हाताने सरकवायचा स्विच आहे, एक्सवर ठेवला की एक्सपॅड उचलतो, विषय संपला. व्हायब्रेशन नाही त्याला, स्टिक पण जरा जुन्या चालीच्या आहेत, पण तो कधी दगा देत नाही. एक्सबॉक्सचा ओरिजिनल कंट्रोलर केबलने लावला तरी असाच निमूट चालतो.

बजेट जास्त असेल तर सोनीचे. ड्युअलसेन्सचा, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरचा, ड्रायव्हर सोनीने स्वतः लिहून कर्नलला दिलाय, कर्नल ५.१२ पासून, म्हणजे २०२१ पासून. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, एवढी मोठी कंपनी लिनक्ससाठी बसून काम करते आणि इथे आपल्याला 'विंडोज टाकावे' अशी चिठ्ठी मिळते. फक्त तुझा कर्नल बघ. मिंट २० चा मूळ कर्नल ५.४ आहे, २१ चा ५.१५, २२ चा ६.८. मिंट २० वर अजून असशील तर कंट्रोलर राहू दे, आधी सिस्टीम अपग्रेड कर. निन्टेन्डोच्या स्विच प्रोचा ड्रायव्हर ५.१६ मध्ये आला, त्यामुळे २१ च्या मूळ कर्नलवर तो नीट चालत नाही. अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स म्हणून आहे, तिथून नवीन कर्नल घेता येतो. ड्युअलसेन्सचं एक, त्याचा टचपॅड डेस्कटॉपवर माउससारखा चालायला लागतो, खेळताना अंगठा लागला की पॉइंटर पळतो. बिघाड नाही तो, युडेव्हचा (udev, लावलेली वस्तू कशी वागवायची ते ठरवणारा लिनक्सचा भाग) एक नियम टाकून बंद करता येतो. तो हवा असेल तर सांग, देतो.

एक्सबॉक्सचा वायरलेस डोंगल मात्र नवख्याने घेऊ नये असं माझं मत. त्याचा एक्सवन (xone) नावाचा ड्रायव्हर बाहेरून टाकावा लागतो, कर्नल अपडेट झाला की तो परत बांधला जातो, सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी लॅपटॉपची सुरक्षा) चालू असेल तर त्या ड्रायव्हरवर डिजिटल सही करायची भानगड. लोक वापरतात, चालतो, पण शनिवारी संध्याकाळी पोरगं शेजारी बसलेलं असताना ते करत बसायचं का हा प्रश्न आहे. एक्सबॉक्सचा कंट्रोलर ब्लूटूथने लावायचा असेल तर एक्सपॅडनिओ (xpadneo) ड्रायव्हर आहे, तोही बाहेरूनच, पण तुलनेत सोपा. एटबिटडो (8BitDo) कंपनीचे पण चांगले, जुन्या एसएन३० प्रोसारख्या मॉडेलात स्टार्ट आणि एक्स दाबून चालू केला की एक्सइनपुट, म्हणजे एक्सबॉक्स पद्धतीचा मोड. कंपनीने मोड कसे बदलायचे ते कागदावर छापून दिलंय म्हणूनच मला ती आवडते.

ब्लूटूथवरून आठवलं. जुन्या लॅपटॉपला ब्लूटूथ नसेल म्हणून दोन-अडीचशेचा डोंगल घेशील, तर जपून. सीएसआर नावाच्या ब्लूटूथ चिपच्या नकला बाजारात भरपूर आहेत, वर ५.० छापलेलं आणि आत ४.०, लिनक्सवर त्या फार त्रास देतात. रियलटेक चिपवाला थोडा महाग पडेल पण घे. आणि कंट्रोलर जोडताना नुसतं पेअर करून थांबू नकोस, ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्याला ट्रस्ट पण कर, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो आपणहून जोडला जात नाही आणि माणूस परत पहिल्यापासून सुरू करतो.

स्टीममधून (गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) खेळत असशील तर बटणं उलटीसुलटी असतील तरी स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये एकेक बटण दाबून जुळवता येतात, बाहेरचा गेम पण स्टीममध्ये ॲड करून तेच वापरता येतं. स्टीम-डिव्हायसेस (steam-devices) हे पॅकेज आहे का ते मात्र बघ, नसेल तर परवानगीमुळे कंट्रोलर अर्धवट दिसतो.

दुकानदार ऐकतच नसेल तर भांडू नकोस, तक्रार लेखी दे, व्हॉट्सॲपवर दिलीस तरी चालेल, तारीख राहते. खोक्यावर 'पीसी' लिहिलंय, लिनक्स चालणार नाही असं कुठे लिहिलेलं नाही, हा मुद्दा धर. मी वकील नाही, तो कितपत टिकेल ते ठामपणे सांगू शकत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे आपल्या भाषेत तक्रार देता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही. पण एका कंट्रोलरसाठी तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणूनच म्हणतोय, मुदतीत हालचाल कर, आणि 'पाठवून द्या, बघतो' याला हो म्हणू नकोस.

आता तू काय कर, एलएसयूएसबीची ती नवीन ओळ इथे टाक, मोडचं बटण दाबायच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही. मिंट कितवं ते लिही, पावतीवर बदलून द्यायची मुदत किती ते लिही. मी रात्री नऊनंतर बघतो, बाकीचे पण बघतील.